संकल्पाआधीचे वस्त्र

कापड विकत घेणे ही गोष्ट नीतिविचाराच्या कक्षेत येते काय, असे कोणी विचारले तर बहुतेक सुज्ञ माणसे हसतील. असत्य, हिंसा, चोरी, लोभ हे नीतीचे विषय. बाजारातून दहा वार कापड आणणे हा केवळ खिशाचा विषय, असे ती म्हणतील. परंतु मनुष्य ज्या क्षणी गरजेवाचून, विचारावाचून आणि पुढील कार्याच्या ज्ञानावाचून एखादी वस्तू उचलतो, त्या क्षणी त्याच्या मनात जे घडते ते लहान नसते, असे आम्हांस वाटते. मोठे मोह मनुष्यास वर्षातून एखादे वेळी भेटतात. लहान मोह रोज भेटतात, आणि स्वभाव घडतो तो रोजच्या भेटीतून. म्हणून एका अगदी साध्या प्रसंगाचा येथे थोडा शांतपणे विचार करावयाचा आहे.

आदिलाबाद जिल्ह्याकडे पाहू. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्याचा किनवट तालुका नांदेडकडे गेला, राजुरा तालुकाही आधी नांदेडकडे आणि पुढे १९५९ साली चांद्याकडे गेला; परंतु पैनगंगेच्या दक्षिणेस बेला, जैनथ, तामसी या भागांत मराठी बोलणारी घरे होती तेथेच राहिली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी या घरांतील मराठी बोलणे चालूच आहे. सरहद्दीवरच्या घरात इतिहास हा नुसता वाचनाचा विषय राहत नाही. तो डोळ्यांनी पाहावासा, अंगावर घालून मिरवावासा वाटतो. शिवजयंतीची मिरवणूक असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो, गणेशोत्सवातील देखावा असो, मुलास मावळा करावे, मुलीस जिजाऊ करावे ही हौस तेथे स्वाभाविक आहे. आणि भाड्याचे मळके, ढगळ पोशाख आणण्यापेक्षा आपल्या हातांनी एक अंगरखा शिवावा, असे एखाद्या गृहिणीच्या मनात आले तर ते कौतुकास्पदच म्हटले पाहिजे.

समजा, अशी एक गृहिणी आहे. शिवण तिला येते. झबली, परकर, पोलकी तिने शिवली आहेत. परंतु जुन्या काळचा पोशाख तिने पूर्वी कधी शिवलेला नाही. ती बाजारात गेली ती उशांचे अभ्रे आणावयास. दुकानदाराने सहज एक तागा उलगडला. जांभळ्या रंगावर सोनेरी बुट्टे, दिव्याखाली लखलखणारे. क्षणात तिला मुलगा त्या वस्त्रात उभा दिसला. लोक पाहत आहेत, वाहवा करीत आहेत, असेही दिसले. तिने दहा वार कापड फाडून घेतले. घरी आल्यावर ते पलंगावर पसरून पाहिले, शेजारणीस दाखविले, आणि मग नीट घडी घालून ट्रंकेत ठेवले. पुढील वर्षीही ते ट्रंकेतच आहे.

यात बिघडले काय? प्रथम व्यवहाराच्या बाजूने पाहू. अंगरखा म्हणजे नुसता लांब सदरा नव्हे. त्याच्या कमरेखालचा घेर निमुळत्या कळ्या जोडून साधलेला असतो, आणि कळी कापताना कापडाचा पन्हा किती, उभा धागा कोणत्या दिशेस जातो, बुट्टे सुलटे येतील की उलटे, याचा हिशेब आधी करावा लागतो. दहा वार हा आकडा या हिशेबातून आला नव्हता. तो हातातल्या पैशांतून आला होता. जाड जरतारी कापडाच्या पुष्कळ कळ्या कमरेशी एकत्र आल्या की तेथे ओझे होते. जामा आणि अंगरखा पातळ मलमलीचेही शिवीत, आणि आपल्या हवेत ती निवड शहाणपणाची होती. जुन्या जामा-अंगरख्यांना पुढे बटणांची रांग नसे, बंद असत. आणि मोगल काळात जामा डाव्या बाजूस बांधला आहे की उजव्या, यावरून नेसणारा हिंदू की मुसलमान हे ओळखले जाई. हे ज्यास ठाऊक नाही तो कापडास कात्री कोठे लावणार?

कालाच्या बाजूनेही पाहता येईल. शिवछत्रपतींचा काळ १६३० ते १६८०. पर्किन या इंग्रज तरुणाने पहिला कृत्रिम जांभळा रंग केला तो १८५६ साली. त्यापूर्वीचे रंग नीळ, मंजिष्ठ, कुसुंबा, लाख, हळद यांचे, आणि आदिलाबादच्या रानात आजही फुलणाऱ्या पळसाचे. जुनी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची बारीक तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. आज स्वस्त कापडात जी चकाकते ती बहुधा प्लास्टिकची चमकती पट्टी असते. आणि ज्या पॉलिएस्टर धाग्याचे ते कापड विणलेले असते तो धागा प्रथम निघाला १९४१ साली, इंग्लंडात. म्हणजे दुकानात त्या गृहिणीस जो सतरावा शतक दिसला, तो खरे पाहता विजेच्या दिव्याखालचा विसावा शतक होता.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. शाळेच्या संमेलनात दहा मिनिटे उभ्या राहणाऱ्या मुलाच्या अंगावर मंजिष्ठाने रंगविलेली मलमलच पाहिजे, असा आग्रह कोणी धरू नये. तसा आग्रह धरला तर गरिबाच्या मुलास मावळा होताच येणार नाही. आम्हांस तो मुळीच मान्य नाही. परंतु जाणून केलेली तडजोड आणि न जाणता झालेली चूक या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्याने जुने वस्त्र कसे होते हे समजून घेतले, आणि मग आपल्या ऐपतीप्रमाणे साधे सुती कापड घेतले, त्याने इतिहासाशी प्रामाणिकपणा राखला. मृतांना आपण काहीच देऊ शकत नाही. त्यांचे रूप घेताना ते कसे होते याची विचारपूस करणे, एवढेच एक देणे आपल्या हाती उरते. ज्याने लखलखाट पाहून हेच ते ऐतिहासिक म्हणून मानले, त्याने पूर्वजांस आपल्या आवडीचे कपडे चढविले. मुलगा त्या कपड्यांत इतिहास पाहतो आणि तोच खरा समजून मोठा होतो. म्हणून ही गोष्ट आम्हांस सर्वस्वी क्षुल्लक वाटत नाही.

आता मोहाच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण त्याची बाजू दुबळी नाही. आकर्षणावाचून जगात कोणते कार्य आरंभले गेले? सुंदर कापड पाहून मन हलले नसते तर त्या गृहिणीच्या मनात अंगरख्याची कल्पनाच आली नसती. कलेच्या इतिहासात तर या मोहाने मोठी कामे केली आहेत. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांनी वस्त्रांची, दागिन्यांची, अत्तरांची जी उधळण केली, तीत हिशेबी माणसास वेडेपणाच दिसेल. खरे भरजरी शालू रंगभूमीवर आणावे, प्रेक्षकास खोटे काही दाखवू नये, ही त्यांची निष्ठा होती. त्या निष्ठेची किंमतही त्यांनी मोजली. १९२१ च्या सुमारास कंपनी मोठ्या कर्जात बुडाली आणि पुढील सुमारे सात वर्षे रात्रीमागून रात्री उभे राहून, गाऊन त्यांनी ते कर्ज फेडले.

ते १९२१ साल वस्त्राच्या दृष्टीने मोठे विलक्षण आहे. ८ जुलैला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' केले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस परळला गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची मोठी होळी झाली. आणि २२ सप्टेंबरला मदुरेस गांधीजींनी सदरा-टोपी टाकून केवळ पंचा नेसण्याचा निश्चय अमलात आणला. एकाच वर्षी, जवळजवळ एकाच कार्यासाठी, कोणी भरजरी वस्त्र नेसले, कोणी वस्त्र जाळले, कोणी वस्त्र त्यागले. तिन्ही कृत्यांबद्दल आपल्या मनात आदर आहे. याचा अर्थ असा की भरजरी वस्त्रात पाप नाही आणि जाड्याभरड्यात आपोआप पुण्य नाही. वस्त्रामागे मनुष्याने आपले काय उभे केले, यावर सारे अवलंबून आहे. बालगंधर्वांच्या शालूमागे गाण्याची आयुष्यभराची साधना उभी होती. ट्रंकेतल्या दहा वारांमागे अजून काहीही उभे नव्हते.

आमच्या मते प्रश्नाचे मर्म येथे आहे. कापड आवडले यात दोष नाही. आवडलेले घेतले यातही फारसा दोष नाही. दोष आहे तो घेतल्याने झाले असे वाटण्यात. गृहिणीने कापड पलंगावर पसरले आणि शेजारणीस दाखविले, तेव्हा अंगरखा शिवून झाल्यावर जो आनंद व्हावयाचा, त्यातील मोठा वाटा तिने शिवण्यापूर्वीच भोगून टाकला. वाहवाही मिळाली. मग मापे घेणे, चुकणे, उसवणे, पुन्हा शिवणे या रूक्ष कष्टांकडे मन कशास वळेल? गीतेने फलाची आसक्ती सोडून कर्म करावयास सांगितले. येथे उलटेच घडते. कर्म सोडून फलाची चव आधी घेतली जाते, आणि ती पैशाने मिळते म्हणून अधिकच सोपी वाटते. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग सांगितले आहेत. पहिल्या वेळी हाती घेतलेल्या कलेत त्या दोहोंमधले अंतर फार बारीक असते. शिकण्याची इच्छा हे श्रेय. शिकलेला दिसण्याची इच्छा हे प्रेय. दोघांचा वेश एकच असतो, म्हणून फसगत होते.

आपल्या पूजाविधीत या फसगतीवर एक जुना उपाय आहे. आपण पूजेस बसलो की आचमन, प्राणायामानंतर संकल्प करतो. कोणत्या काळी, कोणत्या देशी, कोणी, कोणत्या हेतूने हे कर्म करीत आहे, याचा उच्चार झाल्यावाचून पुढचे उपचार सुरू होत नाहीत. सोळा उपचारांत वस्त्र येते ते आवाहन, आसन, पाद्य, स्नान इत्यादींच्या नंतर, आपल्या क्रमाने. देवापुढे भरजरी शेला आधी फेकला आणि मग ही पूजा कोणत्या देवाची असा विचार केला, असे कोणी करीत नाही. संकल्प म्हणजे केवळ पुटपुटणे नव्हे. मनास जागेवर आणून बसविणे आहे. आणि देवासाठी रेशमी वस्त्र घरात नसले तर आपल्या आजी-आया काय करीत? मूठभर कापूस घेऊन, बोटांनी ओढून, मध्ये मध्ये कुंकवाचे बोट लावून गेजवस्त्र करीत. न सूत, न विणकाम, न शिवण. तरी देवास ते वस्त्र म्हणून पोचते, कारण त्यात हात आणि हेतू दोन्ही आहेत. जरतारी कापडाचा तागा जे करू शकत नाही ते कापसाची एक माळ करते.

कापसाचे नाव निघाले म्हणून आणखी एक हिशेब मांडतो. आदिलाबाद हा काळ्या जमिनीचा, कापसाचा जिल्हा आहे. हंगामात बाजार समितीच्या अंगणात गाड्यांच्या रांगा लागतात, ओलावा मोजला जातो, भाव ठरतो, आणि १९७० साली स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते. समजा, आपण घेतलेले कापड सुती आहे. एक मीटर रुंद, दहा मीटर लांब, मध्यम वजनाचे. त्याचे वजन साधारण दीड किलो भरेल. सूत काढताना होणारी घट धरली, आणि बोंडातील कापसापैकी सुमारे तिसरा हिस्साच रुई निघते, बाकी सरकी, हे धरले, तर शेतातला पाच-साडेपाच किलो कापूस त्यात गेला. म्हणजे हजाराहून अधिक बोंडे. ती एकेक करून, बहुधा बायकांच्या बोटांनी, उन्हात वेचलेली असतात. त्या शेतास पावसाचा भरवसा नव्हता. बियाणे, खत, औषध यांसाठी कर्ज काढलेले असेल. या भागात कापसाच्या कर्जापायी किती घरे उद्ध्वस्त झाली, हे तेथील लोकांस सांगावयास नको.

कोणी म्हणेल, कापड घेतले म्हणून तर शेतकऱ्याचा कापूस खपला. ट्रंकेत पडले काय आणि अंगावर आले काय, त्यास दाम मिळाले ते मिळाले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे खरे असेल. परंतु स्वयंपाकिणीस पगार दिला म्हणून तिने रांधलेले अन्न टाकून द्यावयास आपण मोकळे होतो काय? अन्न पानात टाकू नये हा संस्कार आपल्या घरोघर आहे. त्यामागे केवळ पैशांचा विचार नाही. दुसऱ्याचे श्रम जेव्हा आपल्या हाती येतात तेव्हा ते पुढे नेण्याचे दायित्व आपल्याकडे येते. वस्त्राच्या बाबतीत हा संस्कार आपण विसरत चाललो आहोत, कारण कापड स्वस्त झाले आणि ते नासत नाही. अन्न नासते म्हणून आपल्यास लाज वाटते. कापड गुपचूप घडीत पडून राहते, आणि आपली लाजही घडीतच राहते.

वेश आणि व्रत यांचा संबंध कसा असावा, हे पाहावयास फार लांब जावे लागत नाही. इंद्रवेल्लीजवळ केस्लापूर येथे पौष अमावास्येस गोंड समाजातील मेस्राम कुळाची नागोबाची जत्रा भरते. पूजेची मडकी कुंभाराकडे आधी सांगितली जातात. मग कुळातील माणसे अनेक दिवस पायी चालून गोदावरीचे पाणी आणतात. आणि मग पूजा होते. कुळात नव्याने आलेल्या सुना शुभ्र वस्त्रे नेसून देवापुढे येतात, त्यांची देवास ओळख करून दिली जाते. तसेच दिवाळीच्या दिवसांत दंडारी उत्सवात गुसाडी नाचतात. त्यांच्या डोक्यावर मोरपिसांचा भव्य मुकुट असतो, अंगास राख फासलेली असते. तो मुकुट हौसेने उचलून डोक्यावर ठेवण्याची वस्तू नव्हे. त्याची आधी पूजा होते, आणि जो तो धारण करतो तो उत्सव संपेपर्यंत नियमांनी बांधलेला असतो. याच नृत्यासाठी मारलवाईच्या कनक राजू यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते निवर्तले. कोकणात आणि गोव्यात देवळांच्या जत्रांतून होणाऱ्या दशावतारातही वेशाचा पेटारा पूज्य मानतात. या सर्वांत एक समान सूत्र आहे. वेश घेण्यापूर्वी मनुष्य थोडा बदलतो; वेश त्या बदलाची खूण होऊन येतो. खूण आधी विकत घेतली म्हणून बदल घडून येत नाही.

आधुनिक काळातील उदाहरण हवे असेल तर कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथय्या यांचे घ्यावे. 'गांधी' या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांस १९८३ साली ऑस्कर मिळाले, आणि तो सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्या कथेतील नायकाचा वेश आफ्रिकेतील बॅरिस्टराच्या सुटापासून खादीच्या पंचापर्यंत जातो. कोणत्या वर्षी कोणते वस्त्र, आणि ते का बदलले, हे समजल्यावाचून त्या कामात कात्री हाती धरताच आली नसती. ज्या वेशासाठी जगाने त्यांचा गौरव केला, त्यात लखलखाट जवळजवळ नव्हता. समजून घेणे मात्र होते.

मग ट्रंकेतल्या कापडाचे काय करावे? पश्चात्ताप करीत बसू नये. तोही एक प्रकारे त्या कापडास कुरवाळणेच आहे. आमची सूचना एवढीच की क्रम जेथे मोडला तेथून तो पुन्हा जोडावा. प्रथम बसून ठरवावे की कोणत्या काळचा, कोणाचा, कशासाठी पोशाख शिवावयाचा आहे. त्या काळची चित्रे पाहावी, जाणत्या शिंप्यास विचारावे. मग अंगरखा आधी मांजरपाटाचा कापून, टाचून पाहावा. मांजरपाट हे नाव मादपोल्लम या गावावरून आले असे सांगतात, आणि ते गाव गोदावरीच्या मुखाजवळ, नरसापूरनजीक आहे. त्याच गोदावरीच्या काठी, फार वर, पैठण आहे, जेथील पैठणीने राण्या सजल्या. आणि जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची दक्षिण सीमा याच नदीने आखलेली होती. एकाच नदीने पैठणीही दिली आणि मांजरपाटही. शिकणाऱ्याने खालच्या टोकापासून आरंभ करावा. वर चढावयास वेळ लागला तरी नदी कोठे जात नाही.

मांजरपाटावर हात बसला, आणि मग ते जांभळे कापड अंगरख्यास योग्य नाही असे दिसले, तर त्याचे देव्हाऱ्यासाठी पडदे व्हावे, दुलईचे खोळ व्हावे, किंवा ज्यास त्याचा उपयोग आहे अशा शेजारणीस ते द्यावे. ते देताना जर थोडे वाईट वाटले तर वाटू द्यावे. त्या वाटण्यातच मोह किती खोल गेला होता त्याचे माप मिळते. आणि मांजरपाटाचा तो वाकडातिकडा, तीन वेळा उसवलेला पहिला अंगरखा टाकून न देता जपून ठेवावा. आमच्या मराठी संतपरंपरेत नामदेवांसारखा शिंपियाच्या कुळातील महापुरुष होऊन गेला आणि पंजाबापर्यंत पूज्य झाला. शिवणकाम हलके समजण्याचे कारण कोणासही नाही. मापल्यावाचून कापू नये, आणि कापल्यावर शिवल्यावाचून सोडू नये, एवढा धर्म शिंप्याच्या घरी मूलही शिकते. ज्या कोणास पहिल्यांदाच जुन्या काळचे वस्त्र शिवावयाचे आहे, त्याने त्यात आमच्याकडून एकच भर घालावी. का शिवावयाचे हे स्वतःस सांगितल्यावाचून तागा उलगडावयास सांगू नये.